कवचबीजाचं चूर्ण म्हणजे लेव्होडोपाच. गोळ्या बंद करण्याआधी हा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६७ वर्षांचे, पार्किन्सन्सचं निदान होऊन अडीच वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी दिवसातून चार वेळा, जेवणानंतर. गोळीने मळमळतं म्हणून वर्षभर रोज सकाळी रॅबेप्राझोल-लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल. शिवाय रक्तदाबाची एक गोळी आणि बी-कॉम्प्लेक्स. गेल्या सहा महिन्यांत चाल आणखी मंदावली आहे. मामा म्हणतात, कवचबीजाचं चूर्ण दुधातून सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा द्या, ते नैसर्गिक डोपामाइन आहे, दुष्परिणाम नाहीत, गोळ्या हळूहळू सुटतील. द्यावं का?

गोळ्या बंद करून मुळीच नाही. गोळ्यांच्या जोडीला म्हणाल, तर आत्ता तरी नाही, कारण तुम्ही दिलेल्या औषधांच्या यादीतच दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या नीट केल्या तर चूर्णाचा विचार करायची वेळ बहुधा येणार नाही. पण मामांना ‘हे सगळं थोतांड’ म्हणून झिडकारू नका. कवचबीजात खरोखर औषध आहे, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

आधी आजाराबद्दल, लागेल तेवढंच. मध्यमेंदूत काळपट रंगाचा एक छोटा पट्टा असतो. त्याचं शास्त्रीय नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, शब्दशः ‘काळा पदार्थ’. तिथल्या पेशी डोपामाइन बनवतात आणि हालचालीची सुरुवात, वेग आणि आवाका सांभाळणाऱ्या भागांना ते पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी एकेक करून मरतात. त्यांच्यात अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचलेल्या दिसतात. मेंदू बराच काळ ही तूट भरून काढतो, त्यामुळे हात थरथरू लागतो तोवर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, जुनाट बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं किंवा लाथा झाडणं या तक्रारी कधी कधी त्याच्या कित्येक वर्षं आधीच सुरू झालेल्या असतात, पण तेव्हा कुणी त्या या आजाराशी जोडत नाही.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ मध्ये याचं वर्णन ‘थरथरता लकवा’ म्हणून केलं, आणि तेव्हापासून लोकांच्या मनात कंप हीच या आजाराची खूण बसली. प्रत्यक्षात निदानासाठी लागतो तो मंदपणा. अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला सांगितली, तर पहिले चार-पाच ठोके बरे पडतात, मग बोटांमधलं अंतर कमी होत जातं आणि मध्येच हात अडखळतो. सहीचं अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होतं, चालताना एक हात हलत नाही, शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात. कंप असेल तर तो हात मांडीवर निवांत असताना दिसतो आणि कप उचलायला गेलं की कमी होतो. याउलट कप ओठाशी नेतानाच हात थरथरत असेल, तर तो बहुतेक वेळा वेगळा, बराचसा निरुपद्रवी आजार असतो. त्याला लेव्होडोपा लागत नाही आणि कवचबीजही लागत नाही.

आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात. माधवनिदानात ‘वेपथु’ या नावाने अंगाच्या आणि डोक्याच्या कंपाचं वर्णन येतं. कवचबीज, म्हणजे कपिकच्छू, जुन्या ग्रंथांत मुख्यतः बल्य (ताकद देणारी) आणि वाजीकर (कामशक्ती वाढवणारी) म्हणून प्रसिद्ध. कोकणात, सह्याद्रीच्या कुंपणांवर वाढणारी खाजकुहिली ती हीच. शेंगेवरची सोनेरी-तपकिरी लव अंगाला लागली की जीव नकोसा करणारी खाज सुटते, ती वेल. लागवडीच्या जातीला ही लव जवळजवळ नसते. बाजारातलं चूर्ण दोन्हींच्या बियांचं असू शकतं.

या बियांमध्ये लेव्होडोपा असल्याचं दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा त्याचा पार्किन्सन्सशी काही संबंध असेल हे कुणालाच माहीत नव्हतं. तो धागा २० वर्षांनी जुळला, आणि तोही दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधेतून वेगळं काढलेलं रिसर्पिन मेंदूतलं डोपामाइन रिकामं करतं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिनने निपचित पडलेल्या प्राण्यांना लेव्होडोपा दिलं, आणि ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि हॉर्निकिएविच यांनी रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून दिलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कॉट्झियस यांनी तोंडाने, डोस हळूहळू वाढवत देण्याची रीत बसवली. यातून तुमच्या घरासाठी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा: ‘रक्तदाबासाठी’ किंवा ‘झोपेसाठी’ म्हणून सर्पगंधा असलेली कुठलीही वटी वडिलांना देऊ नका. कंपवातावर कवचबीज आणि झोपेला सर्पगंधा अशी जोडी म्हणजे एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने सांडायचं.

आता ‘नैसर्गिक डोपामाइन’. बियांमध्ये डोपामाइन नसतं, लेव्होडोपा असतं, आणि असतं तेच बरं. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरूच शकत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. हा रेणू वडिलांच्या गोळीतला आणि मामांच्या चमच्यातला अगदी एकच आहे. फरक आहे सोबतीचा. नुसतं लेव्होडोपा घेतलं तर त्यातलं बरंचसं आतड्यात आणि यकृतातच डोपामाइन होऊन वाया जातं, आणि तेच मळमळ, उलटी, रक्तदाब घसरणं घडवतं. कार्बिडोपा हे रूपांतर मेंदूबाहेर रोखतं. त्यामुळे लेव्होडोपाची गरज साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते.

हिशेब मांडू. बियांच्या चूर्णात लेव्होडोपा साधारण ४ ते ६ टक्के असतं, कधी त्याहूनही कमी. सपाट चहाचा चमचा म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम. एका चमच्यात १२० ते १८० मिलिग्रॅम, दोन चमच्यांत सुमारे ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, पण कार्बिडोपाशिवाय. गोळीच्या भाषेत हे दिवसाला ६० ते ७५ मिलिग्रॅम झालं, म्हणजे एका गोळीपेक्षाही कमी. वडिलांना आत्ता दिवसाला ४०० मिळतात. ते नुसत्या चूर्णातून भरून काढायचे तर १६०० ते २००० मिलिग्रॅम उघडं लेव्होडोपा लागेल, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम चूर्ण, रोज अकरा ते तेरा चमचे. शास्त्रीय चाचण्यांतले आकडेही याच पट्टीतले आहेत. २००४ मध्ये लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि ५० मिलिग्रॅम कार्बिडोपाच्या तोडीला ३० ग्रॅम चूर्ण एका वेळेला वापरलं होतं. ते गोळीपेक्षा लवकर लागू पडलं आणि थोडं जास्त टिकलं, ही गोष्ट खरी आहे. मात्र ती एकेका डोसची तुलना होती. पुढे बोलिव्हियात १४ रुग्णांना १६ आठवडे रोज चूर्ण द्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा निम्म्यांनी ते मध्येच सोडलं. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची हालचाल आणखी खालावली. ते संशोधनही जिथे गोळी परवडतच नाही अशा लोकांसाठी उपाय शोधायला झालं होतं. आपल्याकडे गोळी काही रुपयांत मिळते.

हाच चमचा गोळीच्या वेळी घेतला तर गणित उलटतं. गोळीतलं कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही झाकतं, आणि ज्याचं वजन ३०-४० मिलिग्रॅम धरलं होतं ते एकदम १०० च्या वर जाऊ शकतं. म्हणजे एकच चमचा सकाळी उपाशीपोटी, गोळीशिवाय, जवळजवळ काहीच करत नाही आणि दुपारी गोळीसोबत घेतला की दीड-दोन गोळ्यांचा झटका देतो. ‘चूर्ण कधी लागू पडतं, कधी नाही’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. डोस जास्त झाला तर मान-हात वेडेवाकडे हलू लागतात, उभं राहिलं की अंधारी येते, आणि वयस्क माणसाला खोलीच्या कोपऱ्यात माणसं किंवा मुंग्या दिसू लागतात.

दुष्परिणाम नाहीत हे म्हणणं खोडायला मोझांबिकची घटना पुरेशी आहे. तिथे १९८९ मध्ये अन्नाच्या तुटवड्यात लोकांनी याच बिया पोट भरायला खाल्ल्या. एरवी बिया उकळून पाणी फेकून द्यायची रीत होती, त्या वेळी ती नीट पाळली गेली नाही. धडधाकट माणसांना भ्रम आणि वेडाचे झटके आले. उकळलेल्या पाण्यात लेव्होडोपा उतरतं, म्हणून पाणी फेकणारे वाचत होते.

हीच गोष्ट आपल्या शोधनालाही, म्हणजे बियांच्या शुद्धीलाही, लागू होते. पारंपरिक पद्धतीत बिया गाईच्या दुधात दोलायंत्राने, म्हणजे पुरचुंडीत बांधून लटकवून, शिजवून साल काढतात, मग वाळवून दळतात. त्यात काही अपायकारक घटक कमी होतात, आणि लेव्होडोपाही काही प्रमाणात जातं. भाजल्यावर तसंच. त्यात लेव्होडोपा हवा आणि ओल लागली की काळं पडतं. मध्यमेंदूतल्या त्या पट्ट्याचा काळा रंगही याच प्रकारच्या रसायनातून येतो. चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून वाटी ओट्यावर दोन-तीन तास ठेवली की पाणी चहासारखं, मग काळपट होत जाताना दिसतं. भरपूर लेव्होडोपा घेणाऱ्याच्या बनियनवर घामाचे तपकिरी डाग पडतात, लघवीही काळसर होते, तेही याचमुळे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. पण झाकण सैल असलेल्या बरणीत पावसाळाभर राहिलेल्या चूर्णात नेमकं किती औषध उरलं, हे वैद्यही सांगू शकत नाही आणि मीही नाही. दोन दुकानांतल्या, किंवा एकाच दुकानातल्या दोन वेळच्या चूर्णात दीडपट-दुप्पट फरक सहज निघतो. बाजारात १५, २०, ४० टक्क्यांचे आणि अगदी ९५ टक्क्यांच्या पुढचे अर्कही आहेत. चूर्ण म्हणून वापरायची सवय लागलेल्या घरात चुकून ४० टक्क्यांचा अर्क आला, तर तोच चमचा आठपट होतो.

आता दूध. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. प्रथिनं पचून बनणारी इतर अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूच्या वेशीवर त्याच दारातून जातात. गर्दी झाली की लेव्होडोपा बाहेर ताटकळतं. म्हणून दुधातून चूर्ण ही परंपरागत रीत या एका आजारात नेमकी अडचणीची ठरते. आणि जेवणानंतर गोळी घेणं ही त्याच चुकीची दुसरी आवृत्ती. आमटी, उसळ, दही, अंडं पोटात असताना घेतलेली गोळी उशिरा लागते किंवा लागतच नाही.

इथून तुमच्या यादीकडे येऊ, कारण चाल मंदावण्याचं उत्तर मला तिथे दिसतं.

पट्टीवरचा ११० हा आकडा म्हणजे १०० लेव्होडोपा अधिक १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० अधिक २५. २७५ म्हणजे २५० अधिक २५. मेंदूबाहेरचं रूपांतर नीट रोखायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. चार वेळा ११० घेतल्यावर वडिलांना मिळतं ४०. म्हणून मळमळ. ती जावी म्हणून गोळी जेवणानंतर गेली, आणि परिणाम घटला. तरीही मळमळ राहिली म्हणून कॅप्सूल आली, आणि त्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड मेंदूतलं डोपामाइनचं ग्राहकस्थानच अडवतं. ज्याला काहीच आजार नाही त्यालाही हे औषध महिनोन्‌महिने घेतल्यावर पार्किन्सन्ससारखा मंदपणा आणि कंप येऊ शकतो. ज्याला आधीच आहे त्याचा तो वाढतो. ही कॅप्सूल आपल्याकडे ‘ॲसिडिटीची’ म्हणून इतकी सर्रास लिहून दिली जाते की औषधांच्या यादीत घरचे तिचा उल्लेखही करत नाहीत. तुम्ही केलात, हे फार बरं झालं.

तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना या आठवड्यात भेटून तीन गोष्टी विचारा. लेव्होसल्पिराइड बंद करून आम्लासाठी नुसतं रॅबेप्राझोल पुरेल का? ११० ऐवजी १२५ देता येईल का? लेव्होडोपा तेवढंच राहतं आणि कार्बिडोपा ४० वरून १०० वर जातं. आणि गोळी जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास, किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी का? सुरुवातीला उपाशीपोटी मळमळलं तर दूध-बिस्किट नको. एखादा खाकरा किंवा चार चमचे पेज चालते, त्यात प्रथिनं नगण्य. तरीही औषध लागलंच तर डॉम्पेरिडोनचा विचार होतो, हृदयाचे ठोके आणि ईसीजी बघून. मेटोक्लोप्रामाइड मात्र नाही. चक्करवर सर्रास दिलं जाणारं सिनारिझिन आणि मायग्रेनवरचं फ्लुनारिझिन हेही याच काळ्या यादीतले. लेव्होसल्पिराइड थांबवल्यावर दोन दिवसांत फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आठवडे, कधी काही महिने लागतात.

बी-कॉम्प्लेक्सबद्दल थोडं. त्यातलं बी-६ जीवनसत्त्व नुसत्या लेव्होडोपाचं बाहेरच्या बाहेर रूपांतर वाढवतं. कार्बिडोपा पुरेसं असेल तर याने काही बिघडत नाही. नुसत्या चूर्णावर असलेल्या माणसाला मात्र ही निरागस गोळी अर्धा परिणाम खाऊन टाकू शकते. लोहाची गोळी चालू असेल तर ती लेव्होडोपापासून दोन तास लांब ठेवा, ते त्याला बांधून ठेवतं.

‘लेव्होडोपा पाच वर्षंच चालतं, म्हणून आत्ता चूर्णावर काढू, गोळ्या पुढे राखून ठेवू’ हा युक्तिवादही मामांकडून येईल. चूर्णातही लेव्होडोपाच आहे, त्यामुळे राखून काहीच ठेवलं जात नाही. आणि राखण्याचा फायदाही नसतो. घानामध्ये औषध मिळत नसल्यामुळे उशिरा सुरू केलेल्या रुग्णांची तुलना इटलीतल्या, आधी सुरू केलेल्या रुग्णांशी केली गेली. औषधाच्या परिणामाचा चढउतार आणि वेडीवाकडी हालचाल दोन्हीकडे आजाराला साधारण तेवढीच वर्षं झाल्यावर सुरू झाली. गोळी किती वर्षं खाल्ली, यापेक्षा आजार किती जुना आणि डोस किती मोठा, यावर ते जास्त ठरतं. उशीर करून मधली चांगली वर्षं तेवढी वाया जातात.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे गोळ्या एकदम थांबवणं. दोन-तीन दिवसांत अंग लाकडासारखं ताठ होतं, ताप चढतो, घाम, गोंधळ, रक्तदाब वरखाली. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतो. ही आयसीयूची वेळ असते, आणि ती ‘डेंग्यू असेल’ म्हणून घरीच दोन दिवस काढण्यात जाते. उपवास, पंचकर्म, विपश्यना, गावची जत्रा, कुठलंही कारण असलं तरी डोस चुकवायचा नाही. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहायला सांगितलं, तर लेव्होडोपाचं काय करायचं हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारायचं.

मिश्र चूर्णं आणि रसकल्प (पारा-धातूंची औषधं) यांबद्दल मी जास्त कडक आहे. केरळमधल्या एका अभ्यासात (२०००) १८ रुग्णांना कवचबीज, खुरासनी ओवा, अश्वगंधा आणि बला गाईच्या दुधातून दिलं होतं. आधी पंचकर्मासारखी शुद्धी करून हे घेतलेल्या गटात सुधारणा झाली. तपासल्यावर एका मात्रेत सुमारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा निघालं, म्हणजे काम करणारा मुख्य गडी बहुधा तोच. खुरासनी ओव्यातले घटक कंप कमी करतात हे खरं, पण ७० च्या आसपासच्या माणसाला तेच विस्मरण, गोंधळ आणि लघवी अडकणं देतात. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर हे टाळाच. वातविध्वंस रसात वत्सनाभ ही विषारी मुळी आणि पारा आहे. बृहत् वातचिंतामणीत सोन्याबरोबर रससिंदूर, म्हणजे पाऱ्याचाच एक कल्प, आहे. यांनी पार्किन्सन्सच्या पेशी वाचतात असा पुरावा नाही. बिनलेबलच्या पुड्या आणि ‘आमची खास मात्रा’ यांना तर घरात थारा देऊ नका. तेलाचं मालीश आणि शेक यांना माझी हरकत नाही. ताठरपणा तासभर तरी सुसह्य होतो. पण मालीशनंतर लगेच गरम पाण्याच्या आंघोळीत उभं करू नका, रक्तदाब तिथेच घसरतो. स्टुलावर बसवा.

वरच्या दुरुस्त्या होऊन दोन-तीन महिने झाले, आजार स्थिर आहे, डॉक्टरांना सांगितलंय, आणि तरीही कवचबीज वापरून पाहायचंच आहे, असं असेल तर पद्धत अशी. भ्रम, स्मृतिभ्रंश, अरुंद कोनाचा काचबिंदू, त्वचेचा मेलानोमा किंवा हृदयाचे अनियमित ठोके असतील तर विषय तिथेच संपला. नसतील तर ज्या डब्यावर लेव्होडोपाचं प्रमाण आणि बॅच छापलेली आहे असाच माल घ्यायचा. सुरुवात दिवसातून एकदाच, दीड ग्रॅमने, पाण्यातून, जेवणाआधी पाऊण तास. चमचा नाही, दागिन्यांसारखा छोटा डिजिटल काटा. चूर्ण सुरू करण्याआधी तीन दिवस आणि सुरू केल्यावर तीन दिवस, तासातासाला वहीत नोंद: मोकळं, अडलेलं, की जास्त हलतंय. रक्तदाब रोज एकदा पाच मिनिटं आडवं पडल्यावर आणि उभं राहून तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर थांबायचं. दोन आठवडे दुसरं काहीही बदलायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. गोळी कमी करायचा निर्णय वही बघून डॉक्टरांनीच घ्यायचा. रक्तदाबाची गोळीही तेव्हाच तपासून घ्या, या आजारात ती पुष्कळदा कमी करावी लागते.

आता पर्यायी उपचार म्हणून मी ज्यावर पैसे आणि वेळ लावीन तो व्यायाम, आणि यात कसलीही सांत्वनाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका चाचणीत १२८ नव्या रुग्णांपैकी, कमाल ठोक्यांच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणारा ट्रेडमिल आठवड्यातून तीन-चार दिवस करणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ जागेवर राहिली, न करणाऱ्यांची वाढली. संध्याकाळची रमतगमत फेरी म्हणजे हे नव्हे. चालताना दोन-चार शब्दांपुढे सलग बोलता येत नाही, इतका दम लागला पाहिजे. वडिलांचं वय बघता हृदय तपासून सुरुवात करा. तोल जात असेल तर स्थिर सायकल. गोळी लागू पडल्यावर, म्हणजे घेतल्यानंतर तासाभराने, व्यायामाची वेळ ठेवा. तोलासाठी ताई-ची चांगलं, २०१२ मध्ये १९५ रुग्णांवर आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे करून त्याचा फायदा दिसला आहे. पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना वडिलांना न्या. एकट्याने व्यायाम टिकत नाही, गटात टिकतो.

दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात का, ते बघा. अजून होत नसतील तर पुढे होऊ शकतं. तेव्हा हात धरून ओढायचं नाही. ओढलं की वरचा भाग पुढे येतो, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यांना थांबू द्या, वजन डावीकडे-उजवीकडे दोनदा टाकायला सांगा, मग मोठं पाऊल. उंबऱ्याच्या आधी आणि पुढे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारा, एकेका पावलाच्या अंतरावर, साधारण ४० सेंटिमीटर. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. मेंदू त्या वेळी दुसऱ्या वाटेने काम करतो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, बैलगाडीसारखं मोठं वळण घ्यायचं. संडासाच्या वाटेवरच्या पायपुसण्या उचलून टाका, रात्री तिथे दिवा चालू ठेवा. खुर्चीतून उठताना टाचा मागे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे, मग उठायचं.

पोट साफ ठेवणं हाही औषधाचाच भाग समजा. जठर मंद झालं की गोळी तिथेच पडून राहते. इसबगोल, भिजवलेले अंजीर, दिवसाला दीड-दोन लिटर पाणी, तेवढ्याने न भागल्यास डॉक्टरांकडून सौम्य रेचक. प्रथिनं तोडू नका, ती रात्रीच्या जेवणाकडे सरकवा. सकाळ-दुपार भाकरी, भाजी, भात, फळं, आणि डाळ-दही-पनीर संध्याकाळी. वजन महिन्यातून एकदा बघा. घटत असेल तर हा बदल सोडून द्या.

शेवटी एक छोटं काम. पाकिटात मावेल असं कार्ड करा: आजाराचं नाव, गोळीची ताकद, घेण्याच्या वेळा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘हॅलोपेरिडॉल, मेटोक्लोप्रामाइड, लेव्होसल्पिराइड देऊ नये’. कवचबीज चालू असेल तर तेही मिलिग्रॅमसकट लिहा. इस्पितळात रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तोच कागद दाखवायचा असतो, आणि त्या वेळी मामा, तुम्ही, बाबा, कुणालाच काही आठवत नसतं.